एन्रॉन ते महामार्ग: रत्नागिरीचा तीस वर्षांचा हिशेब

दाभोळच्या धक्क्यावर उभं राहिलं की वाशिष्ठीच्या खाडीपलीकडे अंजनवेलचा वीज प्रकल्प दिसतो. अमेरिकेच्या एन्रॉनने काढलेल्या या कंपनीचं नाव दाभोळ पॉवर, पण प्रकल्प गुहागर तालुक्यात आणि दाभोळ गाव दापोलीत. मधे खाडी. गाडी घेऊन पलीकडे जायचं तर पूर्वी खेड-चिपळूणचा वळसा पडायचा. 2003 साली दाभोळ-धोपावे फेरीबोट सुरू झाली आणि मोटारी, दुचाकी, आंब्याच्या पेट्या काही मिनिटांत पलीकडे जाऊ लागल्या. ही सोय केली ती एका खासगी उद्योजकाने. तोवर सुमारे 3 अब्ज डॉलरचा तो प्रकल्प बंद पडून दोन वर्षं झाली होती. रत्नागिरी जिल्ह्यात सरकारने पैसा आणि पत कुठे लावली आणि कुठे लावली नाही, ते या एका खाडीच्या दोन काठांवर कळतं.

एन्रॉनचं शिष्टमंडळ मुंबईत आलं आणि काही दिवसांतच, 20 जून 1992 रोजी, सामंजस्य करार झाला. निविदा नाही, स्पर्धा नाही. डिसेंबर 1993 मध्ये वीज खरेदीचा करार झाला. त्याच वर्षी जागतिक बँकेने प्रकल्पाला कर्ज द्यायला नकार दिला होता. कारण स्वच्छ सांगितलं होतं: ही वीज चोवीस तास घ्यायची म्हटलं तर राज्य वीज मंडळाला स्वतःची स्वस्त कोळशाची वीज कमी करावी लागेल. पुण्याच्या 'प्रयास' संस्थेचे गिरीश संत आणि शंतनू दीक्षित यांनी करारातले आकडे सोडवून हीच गोष्ट मराठी वाचकापर्यंत आणली. वीज घ्या अथवा न घ्या, स्थिर आकार भरायचाच. दर डॉलरशी बांधलेला. इंधन आयातीचं. म्हणजे रुपया घसरला, नाफ्था महागला किंवा मागणी घटली, तरी प्रत्येक वेळी तोटा वीज मंडळाचाच. मंडळाने पैसे थकवले तर राज्य सरकारची हमी आणि तिच्यावर 1994 पासून केंद्राची प्रतिहमी. शाळा, दवाखाने, रस्ते यांच्या वाट्याला अशी हमी सहसा येत नाही, याचा राग मला आजही येतो.

1995 ची निवडणूक एन्रॉन समुद्रात बुडवण्याच्या घोषणेवर लढली गेली. शिवसेना-भाजप युतीच्या सरकारने ऑगस्टमध्ये करार रद्द केला, नोव्हेंबरपर्यंत नव्याने बोलणी उरकली आणि 2015 मेगावॉटचा प्रकल्प 2184 मेगावॉटचा होऊन परत आला. वाजपेयींच्या तेरा दिवसांच्या सरकारने मे 1996 मध्ये त्याची प्रतिहमी मंजूर केली. सत्तेत आलेल्या पक्षांचे हात त्यात आहेत, म्हणून दोष एका पक्षावर ढकलून मोकळं होता येत नाही. विरोध करणाऱ्यांना मात्र लाठ्या मिळाल्या. 3 जून 1997 च्या पहाटे पोलीस वेलदूरच्या कोळीवाड्यात शिरले. पुरुष मासेमारीला गेलेले होते. बायकांना घरांतून ओढून मारलं गेलं. ह्यूमन राइट्स वॉचच्या 1999 च्या अहवालात हे सविस्तर आहे, आणि बंदोबस्तातल्या पोलिसांचा खर्च कंपनी देत होती हेही.

मे 1999 मध्ये 740 मेगावॉटचा पहिला टप्पा सुरू झाला आणि इशारे खरे ठरले. वीज इतकी महाग की मंडळ ती पूर्ण घेईना, आणि घेतली नाही तरी बिल थांबेना. फेब्रुवारी 2001 मध्ये कंपनीने केंद्राच्या प्रतिहमीकडे हात पसरला. मेअखेरीस मंडळाने खरेदी थांबवली. दुसरा टप्पा नव्वद टक्के बांधून तसाच राहिला. डिसेंबरमध्ये अमेरिकेत एन्रॉनचंच दिवाळं निघालं.

त्याच सुमाराला त्याच जिल्ह्यात दुसरं एक काम पुरं होत होतं, त्याची आठवण फारसं कुणी काढत नाही. 13 मार्च 1999 रोजी कोयनेच्या शिवाजीसागराला तळातून भोक पाडण्याचा लेक टॅपिंगचा प्रयोग आपल्या अभियंत्यांनी यशस्वी केला आणि चिपळूण तालुक्यात सह्याद्रीच्या पोटात 1000 मेगावॉटचा चौथा टप्पा उभा राहिला. राज्याला गरज होती ती संध्याकाळच्या कमाल मागणीच्या विजेची, आणि ती कोयना देते. इंधन पावसाचं, दर रुपयात. पर्याय नव्हता असं जे आजही म्हणतात, त्यांनी पोफळीला जाऊन कोयनेचं वीजघर बघून यावं.

अंजनवेलचा सांगाडा 2005 मध्ये एनटीपीसी, गेल आणि वित्तसंस्थांच्या गळ्यात पडला. नाव बदलून रत्नागिरी गॅस झालं. पुढे कृष्णा-गोदावरी खोऱ्यातला गॅस आटला आणि 2013 मध्ये संच पुन्हा थंडावले. 2015 पासून थोडी वीज रेल्वे घेऊ लागली. शेजारच्या एलएनजी टर्मिनलला लाटा अडवणारा बांध पुरा नसल्याने कित्येक वर्षं पावसाळ्यात जहाजं लागत नव्हती.

आता कोकण रेल्वे. ती 26 जानेवारी 1998 ला पूर्ण झाली. खर्च सुमारे साडेतीन हजार कोटी, तोही बहुतांशी रोख्यांतून. त्या वेळच्या दराने एन्रॉन बारा हजार कोटींच्या वर जातो. एकीकडे कंपनीचं भांडवल, दुसरीकडे सार्वजनिक कर्ज हे खरं, पण एन्रॉनची जोखीमही सार्वजनिकच होती. पुढे मात्र रेल्वेला वाढायला पैसा मिळाला नाही. स्वतंत्र महामंडळ, डोक्यावर कर्ज, म्हणून दुहेरीकरण झालं ते फक्त रोहा ते वीर. गणपतीत चाकरमान्यांच्या गाड्या क्रॉसिंगसाठी तासन् तास स्टेशनांत उभ्या असतात.

महामार्गाची कथा याहून वाईट. पनवेल-इंदापूरचं चौपदरीकरण 2011 मध्ये सुरू झालं आणि मुंबई-गोवा रस्ता अजून पूर्ण नाही. समृद्धी महामार्ग त्याच्या मागून सुरू होऊन जून 2025 मध्ये 701 किलोमीटर पुरा झाला. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री मुंबई-गोवा रस्त्यावरचा, महाडजवळचा सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात गेला. त्यात जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या दोन एसट्या गेल्या, दोन्ही आपल्या जिल्ह्यातल्या. जयगडला तोवर 1200 मेगावॉटचं औष्णिक केंद्र चालू होतं, पण तिथून मुंबईला जाण्याच्या वाटेवरचा पूल जुनाच होता. नवा पूल मात्र जून 2017 मध्ये वाहतुकीला खुला झाला. दहा महिने. मग आधीची वर्षं पैसा नव्हता की निकड वाटत नव्हती? ऑक्टोबर 2023 मध्ये चिपळूणचा बांधकामातला उड्डाणपूल कोसळला तेव्हा माणूस दगावला नाही, इतकंच समाधान.

आणि आता राजापूर तालुक्यातल्या माडबनला 9900 मेगावॉटचा अणुप्रकल्प होऊ घातला आहे. 938 हेक्टर जमीन घेऊन झाली. एप्रिल 2011 मध्ये साखरी नाटेत प्रकल्पविरोधी आंदोलनात पोलिसांच्या गोळीने एक माणूस गेला. फ्रान्सच्या ईडीएफने एप्रिल 2021 मध्ये आपला प्रस्ताव दिला, पण खरेदीचा दर अजून लोकांसमोर आलेला नाही. करार होण्याआधीच तो दर, परकीय चलनाची जोखीम, विलंबाचा भुर्दंड आणि अपघाताची भरपाई कोण देणार हे मराठीत छापून राजापूरच्या ग्रामसभांपुढे ठेवा. एन्रॉनच्या वेळी करार लोकांपुढे आला तोवर सह्या वाळल्या होत्या.