बोलीच्या गाण्यातून उभे राहिलेले राजकारण : रायपूरचे हबीब तनवीर

रायपूर : सत्तेला प्रश्न विचारणारे गाणे कोणत्या भाषेत गायले जाते, याला त्या गाण्यातील आशयाइतकेच महत्त्व असते. विसाव्या शतकातील भारतीय रंगभूमीवर हा प्रश्न ज्यांनी सर्वाधिक गांभीर्याने हाताळला, त्यांत रायपूरचे सुपुत्र हबीब तनवीर यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. नाटककार, दिग्दर्शक, कवी, अभिनेते आणि राज्यसभेचे सदस्य अशी त्यांची बहुविध ओळख होती. मात्र त्यांच्या सर्व निर्मितीचा कणा गाणे हाच होता, आणि त्यांची राजकीय भूमिकाही या गाण्यांतूनच सर्वाधिक स्पष्टपणे व्यक्त झाली.

रायपूर ते मुंबई

हबीब अहमद खान यांचा जन्म १ सप्टेंबर १९२३ रोजी रायपूर येथे झाला. ‘तनवीर’ हे त्यांनी कवितेसाठी घेतलेले टोपणनाव पुढे त्यांच्या नावाचाच भाग बनले. रायपूर त्या काळी मध्य प्रांत व वऱ्हाडात होते आणि प्रांताची राजधानी नागपूर होती. नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून या शहरात मराठी कुटुंबांची वस्ती आहे. तनवीर यांचे शालेय शिक्षण लॉरी म्युनिसिपल हायस्कूलमध्ये झाले. हीच शाळा पुढे माधवराव सप्रे यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. मातृभाषा मराठी असलेल्या सप्रे यांनी ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक १९०० मध्ये सुरू केले आणि लोकमान्य टिळकांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत नेले.

शालेय शिक्षणानंतर तनवीर नागपूरला मॉरिस कॉलेजात दाखल झाले आणि १९४४ मध्ये पदवीधर झाले. काही काळ अलीगढ येथे शिकून १९४५ मध्ये ते मुंबईला गेले. तेथे आकाशवाणीतील नोकरी, चित्रपटांसाठी लेखन व अभिनय आणि पत्रकारिता अशी अनेक कामे त्यांनी केली. मात्र त्यांच्या जीवनाला दिशा मिळाली ती भारतीय जननाट्य संघ, म्हणजे ‘इप्टा’, आणि प्रगतिशील लेखक संघ या दोन चळवळींतून.

‘इप्टा’ची स्थापना मुंबईत १९४३ मध्ये झाली. बंगालचा दुष्काळ, दुसरे महायुद्ध आणि स्वातंत्र्यलढा यांच्या पार्श्वभूमीवर कलावंतांनी लोकांमध्ये जावे, हा तिचा आग्रह होता. त्याच मुंबईत, गिरणगावाच्या चाळींमध्ये आणि मैदानांवर शाहीर अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांचे लाल बावटा कलापथक कामगारांसमोर उभे होते. पोवाडा, लावणी आणि तमाशा हे परंपरेने चालत आलेले प्रकार हाती घेऊन त्यांतून रोजंदारी, संप, भाववाढ आणि पुढे संयुक्त महाराष्ट्राचा प्रश्न मांडण्याचे सामर्थ्य या शाहिरांनी दाखवले. लोकपरंपरेतील गाणे आणि आधुनिक राजकीय विचार यांचा संगम शक्य आहे, याचे हे मराठी उदाहरण होते. तनवीर यांनी पुढे छत्तीसगढमध्ये जे केले, त्याची जातकुळी हीच आहे.

बाजारात आलेली कविता

१९५४ मध्ये तनवीर दिल्लीला आले आणि त्यांनी ‘आग्रा बाजार’ हे नाटक रंगमंचावर आणले. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातील उर्दू कवी नजीर अकबराबादी हा या नाटकाचा विषय. परंतु नजीर स्वतः रंगमंचावर एकदाही येत नाही. तेथे दिसतो तो केवळ बाजार. आपली काकडी विकली जात नाही म्हणून एक विक्रेता तिच्यावर कविता लिहून घेण्यासाठी कवींच्या मागे फिरतो. प्रतिष्ठित कवी त्याला झिडकारतात, नजीर मात्र लिहून देतो आणि काकडी विकली जाते. दोन प्रसंगांच्या मध्ये फकीर नजीरच्या रचना गात जातात.

या नाटकात जामिया मिलियाचे विद्यार्थी-शिक्षक आणि जवळच्या ओखला गावातील रहिवासी एकत्र उभे राहिले. विद्वानांनी दुर्लक्षिलेला कवी सामान्य माणसांच्या तोंडी जिवंत राहतो, हे नाटकाचे सूत्र होते. कविता कोणाची, हा या नाटकाचा प्रश्न होता. राजकीय घोषणेवाचूनही तो पूर्णपणे राजकीय होता.

शाळेच्या मैदानावरील रात्र

१९५५ मध्ये तनवीर इंग्लंडला गेले. लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ ड्रामॅटिक आर्टमध्ये आणि ब्रिस्टल ओल्ड विक येथे त्यांनी शिक्षण घेतले. १९५६ मध्ये ते बर्लिनला पोहोचले, तेव्हा जर्मन नाटककार बर्टोल्ट ब्रेख्त यांचे नुकतेच निधन झाले होते. तेथील वास्तव्यात त्यांनी ब्रेख्त यांची अनेक नाटके पाहिली. ब्रेख्त यांच्या नाटकांत गाणे कथेचा ओघ थांबवते आणि प्रेक्षकाला विचार करण्यास भाग पाडते. हे तंत्र तनवीर यांनी जवळून अभ्यासले. परतल्यानंतर मात्र ते युरोपीय रंगभूमीच्या अनुकरणाकडे वळले नाहीत.

१९५८ मध्ये रायपूरला आले असता, ज्या शाळेत ते शिकले तिच्याच मैदानावर ‘नाचा’चा खेळ असल्याचे त्यांना कळले. नाचा हा छत्तीसगढचा लोकनाट्यप्रकार. रात्री सुरू झालेला खेळ पहाटेपर्यंत चालतो. ‘जोक्कड’ म्हणजे विनोदी नट आणि ‘परी’ म्हणजे स्त्रीवेषातील पुरुष नर्तक ही त्याची मुख्य पात्रे. छोटी प्रहसने आणि त्यांच्यामध्ये नाच-गाणी अशी त्याची रचना असते. महाराष्ट्रातील तमाशाशी परिचित असलेल्या प्रेक्षकाला या प्रकारातील थट्टा, हजरजबाबीपणा आणि सत्ताधाऱ्यांची टिंगल ओळखीची वाटेल.

त्या खेळातील कलावंतांनी तनवीर भारावून गेले. मदनलाल, ठाकूरराम, बाबूदास, उत्तम गायक असलेले भुलवाराम आदी सहा कलावंतांना त्यांनी दिल्लीला नेले. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’वर आधारित ‘मिट्टी की गाडी’ या नाटकात हे ग्रामीण कलावंत उभे राहिले. १९५९ मध्ये मोनिका मिश्र यांच्यासह त्यांनी ‘नया थिएटर’ ही संस्था स्थापन केली.

भाषेचा अडसर

तथापि, यानंतरची अनेक वर्षे अडचणीची होती. गावात रात्रभर हजारोंना खिळवून ठेवणारे नट दिल्लीच्या रंगमंचावर अवघडलेले दिसत. त्याची दोन कारणे तनवीर यांच्या हळूहळू लक्षात आली. हे कलावंत हिंदी बोलत होते, जी त्यांची मातृभाषा नव्हती. आणि दिग्दर्शकाने आखून दिलेल्या हालचालींच्या चौकटीत त्यांना बांधले गेले होते. त्यांपैकी अनेकांना वाचता येत नव्हते. त्यांची सारी कला उत्स्फूर्ततेवर उभी होती.

तनवीर यांनी दोन्ही बंधने काढून टाकली. नट छत्तीसगढी बोलू लागले आणि प्रसंग त्यांच्याच सुचण्यातून आकार घेऊ लागले. १९७३ मध्ये रायपूर येथे झालेल्या नाचा शिबिरात तीन पारंपरिक प्रहसने गाण्यांच्या धाग्यात ओवून ‘गाव का नाम ससुराल, मोर नाम दामाद’ हे नाटक तयार झाले. मूळ नाचात गाणी आणि प्रहसन यांचा एकमेकांशी फारसा संबंध नसे. येथे गाणे कथानकाचा भाग झाले. देवार या परंपरेने गाणाऱ्या-नाचणाऱ्या समाजातील फिदाबाई आणि मालाबाई यांच्यासारख्या स्त्रियाही त्यांच्या रंगमंचावर आल्या. नाचात स्त्रीभूमिका पुरुष करीत असल्याने हा मोठा बदल होता.

दिल्लीतील प्रेक्षकाला छत्तीसगढी समजेल का, अशी शंका स्वाभाविक होती. उत्तर मिळाले ते १९७५ मध्ये, ‘चरणदास चोर’ या नाटकाने.

खरे बोलणाऱ्या चोराची कथा

राजस्थानी लेखक विजयदान देथा यांच्या कथेवर हे नाटक आधारलेले आहे. चरणदास हा चोर गुरूपुढे थट्टेथट्टेत काही प्रतिज्ञा करतो : सोन्याच्या ताटात जेवणार नाही, हत्तीवरून मिरवणार नाही, राणीशी लग्न करणार नाही, राजा होणार नाही. गुरू आणखी एक प्रतिज्ञा घ्यायला लावतो ती खोटे न बोलण्याची. पुढे यातील प्रत्येक गोष्ट खरोखरच त्याच्यासमोर येते. तो नकार देत जातो आणि अखेरीस वचनापायी प्राण गमावतो. राज्यात खरे बोलणारा एकच माणूस आहे आणि तो चोर आहे, हा या नाटकातील उपरोध.

भिलाई येथील शिबिरात नाटकाचा पहिला आराखडा तयार झाला, तेव्हा समोर सतनामी समाजाचे श्रोते मोठ्या संख्येने होते. गुरू घासीदास यांनी सत्यालाच ईश्वर मानण्याची शिकवण दिलेल्या या समाजाच्या पंथी गीत-नृत्याला नाटकात स्थान मिळाले. छत्तीसगढी लोककवींच्या रचना आणि लोकधून यांच्या आधारे समूहगायक चोराच्या सत्यनिष्ठेवर भाष्य करीत राहतात.

याच वर्षी श्याम बेनेगल यांनी या कथेवर मुलांसाठी चित्रपट काढला. त्यात लालूराम चोराच्या आणि स्मिता पाटील राणीच्या भूमिकेत होत्या. १९८२ मध्ये एडिंबरा येथील महोत्सवात नाटकाला ‘फ्रिंज फर्स्ट’ पुरस्कार मिळाला. छत्तीसगढी न जाणणाऱ्या परदेशी प्रेक्षकांनीही त्याला दाद दिली.

सत्तेच्या आत आणि बाहेर

तनवीर डाव्या विचारांचे होते, तरी त्यांची वाटचाल एका पक्षाच्या चौकटीत बसवता येत नाही. १९७२ मध्ये राष्ट्रपतिनियुक्त सदस्य म्हणून त्यांची राज्यसभेवर निवड झाली. पुढे त्यांनी ‘हिरमा की अमर कहानी’ या नाटकातून बस्तरचा प्रश्न मांडला. त्यामागे बस्तरचे महाराज प्रवीरचंद्र भंजदेव यांच्या जगदलपूर येथील १९६६ च्या पोलीस गोळीबारातील मृत्यूचा संदर्भ होता. आदिवासींवर लादलेला विकास आणि त्यांची राजनिष्ठा या दोहोंना हे नाटक प्रश्न विचारते. भोपाळ वायुदुर्घटनेवरील ‘जहरीली हवा’ हेही त्यांच्या उत्तरकाळातील महत्त्वाचे नाटक.

सर्वाधिक वाद झाला तो ‘पोंगा पंडित’ या नाटकावरून. ‘जमादारिन’ या नावानेही ओळखले जाणारे हे मूळ नाचा प्रहसन छत्तीसगढी कलावंत दशकानुदशके करीत आले होते. सफाई कामगार स्त्री आणि पुरोहित यांच्यातील संवादातून ते अस्पृश्यतेची खिल्ली उडवते. १९९२ नंतर काही हिंदुत्ववादी संघटनांनी हे नाटक धर्माचा अवमान करणारे असल्याचा आक्षेप घेतला. २००३ मध्ये मध्य प्रदेशातील दौऱ्यात अनेक ठिकाणी प्रयोगांना तीव्र विरोध झाला. तनवीर यांनी प्रयोग थांबवले नाहीत.

आक्षेप एकाच दिशेने आले असे नाही. ८ जून २००९ रोजी भोपाळ येथे तनवीर यांचे निधन झाले. त्यानंतर दोनच महिन्यांत, सतनामी समाजाच्या काही प्रतिनिधींनी आक्षेप घेतल्यामुळे, छत्तीसगढ सरकारने शाळांतील वाचन उपक्रमातून ‘चरणदास चोर’ हे पुस्तक बाद केले. ज्या समाजाच्या गीतपरंपरेने नाटकाला बळ दिले, त्याच समाजातून हरकत येणे ही साधी विसंगती म्हणून सोडून देता येत नाही. एखाद्या समाजाचे गाणे रंगमंचावर आणले की त्याच्या प्रतिमेची मालकी कोणाकडे राहते, हा प्रश्न त्यातून पुढे आला.

बोलीचे गाणे का महत्त्वाचे

बोलभाषेला राजकीय गाण्यात मिळणारे हे स्थान भारतापुरते मर्यादित नाही. इजिप्तचे दृष्टिहीन गायक शेख इमाम यांनी अहमद फुआद नज्म यांच्या कविता गायल्या, त्या ग्रांथिक अरबीत नव्हत्या. कैरोच्या रस्त्यावरील बोलीत होत्या. दोघांनाही अनेकदा तुरुंगवास घडला. सरकारी कार्यालयाची आणि पाठ्यपुस्तकाची भाषा बाजूला सारून घराघरांतील भाषेत गाणे म्हटले गेले की ते छापून घेण्याची गरज उरत नाही. श्रोता तेच घरी घेऊन जातो. म्हणूनच ते रोखणे सत्तेला अवघड जाते.

छत्तीसगढीबाबत याला आणखी एक पदर आहे. दीर्घकाळ ती गावंढळ बोली मानली गेली. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ हे स्वतंत्र राज्य झाले आणि रायपूर त्याची राजधानी बनले. नोव्हेंबर २००७ मध्ये विधानसभेने छत्तीसगढीला राजभाषेचा दर्जा देणारे विधेयक संमत केले. संविधानाच्या आठव्या अनुसूचीत मात्र तिला अद्याप स्थान मिळालेले नाही. कायद्याने ही दखल घेण्याच्या तीन दशके आधी तनवीर यांच्या कलावंतांनी ही भाषा राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय रंगमंचावर नेली होती.

तनवीर यांना पद्मश्री, पद्मभूषण आणि संगीत नाटक अकादमीची फेलोशिप मिळाली. त्यांच्या सहकाऱ्यांच्या वाट्याला मान उशिरा आला. चरणदासची भूमिका गाजवणारे गोविंदराम निर्मलकर यांना पद्मश्री मिळाली ती २००९ मध्ये, तनवीर यांच्या निधनाच्या वर्षी. २०१० च्या ‘पीपली लाइव्ह’ या चित्रपटात तनवीर यांच्या कन्या नगीन तनवीर यांनी छत्तीसगढी गीत गायले आणि नया थिएटरचे ओंकारदास माणिकपुरी कर्जबाजारी शेतकऱ्याच्या मुख्य भूमिकेत दिसले. शेतकरी आत्महत्येचा विषय देशभरातील प्रेक्षकांपर्यंत पोहोचला, तेव्हा त्याला चेहरा आणि सूर मिळाला तो याच परंपरेतून.