रानमातीचा गंध व वाळ्याची लागवड

पहिल्या पावसात रानातील जमिनीचा जो सुवास दरवळतो, तो बहुतांशी मातीतील सूक्ष्म जीवांनी निर्माण केलेल्या द्रव्याचा असतो. १९६५ साली त्यास ‘जिओस्मिन’ हे नाव मिळाले. कनोजचे अत्तर काढणारे कारागीर भाजलेली माती तांब्याच्या देगेत घालून तिची वाफ चंदनतेलात उतरवितात. तेच मातीचे अत्तर होय.

असाच मातकट, गोडसर गंध आपल्या ओढ्याकाठच्या वाळ्याच्या मुळांत असतो. त्याचे तेल सावकाश उडते, म्हणून इतर सुगंध टिकविण्याकरिताही ते अत्तरात घालतात. परंतु ही मुळे खणूनच काढावी लागतात, आणि काठ धरून ठेवणारीही तीच. रानातला वाळा उपटला की पुढील पुरात काठची माती वाहून जाते. चार पैशांकरिता हा व्यवहार फार महाग पडतो.

तेव्हा शेतकरी बंधूंनी वाळ्याचे ठोंब पावसाळ्याच्या आरंभी आपल्याच सपाट, निचऱ्याच्या जमिनीत लावावेत. बांधावर लावलेला वाळा मात्र खणू नये. पंधरा ते अठरा महिन्यांनी मुळे काढून धुवावीत व सावलीत सुकवावीत. तेल उतरण्यास पूर्ण दिवस, कधी त्याहूनही अधिक वेळ लागतो. घाईने भट्टी विझविल्यास तेलाचा जड व उत्तम अंश मुळांतच राहून जातो.