शर्यत सांगणारा माणूस

तळेगाव दशासरच्या शंकरपटाला आपल्यापैकी पुष्कळजण गेले असतील. जोडी सुटल्यापासून पोचेपर्यंत नीट पाहिली असे किती जण छातीवर हात ठेवून सांगतील? पुढे माणसांची भिंत, वर धुरळा, आणि अवघ्या काही सेकंदांचा खेळ. घरी येऊन आपण जे रंगवून सांगतो, त्यातले निम्मे कर्ण्यावरून ऐकलेले असते. हा ऐकवणारा कोण आणि तो खातो काय, एवढेच मला बोलावयाचे आहे. मी अकोल्याच्या हमालांत काम करणारा. कोणतेही काम दिसले की आधी मजुरी विचारतो. ही खोड आपण पोटात घालावी.

या धंद्यातला जगभर गाजलेला माणूस म्हणजे इंग्लंडचा मरे वॉकर. जन्म 1923, मृत्यू 2021. बाप ग्रॅहम वॉकर मोटारसायकलच्या शर्यती जिंकणारा आणि पुढे रेडिओवर त्या सांगणारा. पोरगा महायुद्धात रणगाड्यावर होता. परतल्यावर त्यानेही मोटारसायकल पळवून पाहिली, पण बापाची सर आली नाही. 1948 साली टेकडी चढण्याच्या एका शर्यतीत त्याच्या हाती माइक आला आणि पुढल्याच वर्षी बीबीसीने बोलावले. 2001 पर्यंत तो बोलत राहिला. टेलिव्हिजनवर 'फॉर्म्युला वन'च्या मोटारी म्हणजे वॉकरचा आवाज, असे समीकरणच तिकडे झाले होते.

तो चुकायचाही. अमका आता जिंकलाच म्हणावे, आणि त्याच क्षणी अमक्याच्या मोटारीतून धूर निघावा! लोक हसत, पण चिडत नसत. हा थापा मारीत नाही, पाहता पाहता उतावळा होतो, हे त्यांना कळत असे. शिवाय तयारी पक्की. आधी गाड्यांपाशी हिंडून, चालकांशी बोलून टिपणे काढायची. 1980 पासून शेजारी जेम्स हंट, 1976 चा जगज्जेता. दोघांत माइक एकच. वॉकर उभा राहून ओरडणार, हंट बसून थंडपणे उणे काढणार. माइकवरून ओढाताणही होई. 1996 साली जपानात डेमन हिल जगज्जेता झाला तेव्हा मात्र वॉकरचा गळा दाटला. तसे सांगून तो क्षणभर थांबला. तिकडचे लोक त्याची ती शांतता अजून आठवतात.

पण माझ्या कामाची गोष्ट निराळीच आहे. हा एवढा गाजलेला माणूस वयाच्या एकोणसाठाव्या वर्षापर्यंत एका जाहिरात कंपनीत नोकरी करीत होता. माइक सुट्टीच्या दिवसाचा, भाकरी ऑफिसची!

आपल्याकडच्या पटावर धुरकऱ्याला नाव आहे, जोडीला नाव आहे, मालकाला बक्षीस आहे. निवेदक मात्र सकाळपासून दिवेलागणीपर्यंत बोलतो. जोडी कोणत्या गावची, वेळ किती लागला, दाणीवरून मागे सरका, लाल सदऱ्याचा पोरगा हरवला आहे. सारे एकाच घशातून. माझ्या ओळखीचा असा एक निवेदक चांदूरकडचा. पौष-माघात पट, मग लग्नसराई, मग निवडणुकीचा ऑटो.

7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती बंद केल्या. कारण खोटे नव्हते. आरीची तुतारी टोचून पळवलेले बैल मीही पाहिले आहेत. 2017 साली राज्याने कायदा बदलला, पण उच्च न्यायालयाने शर्यती अडवल्या. 16 डिसेंबर 2021 ला अटींवर परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 ला घटनापीठाने तो कायदा कायम केला. एवढ्या वर्षांत बैलांची बाजू मांडली गेली, मालकांचीही मांडली गेली. कर्ण्यामागच्या माणसाचे नाव कोणी काढल्याचे मी ऐकले नाही.

2021 साली असंघटित कामगारांची ई-श्रम नोंदणी सुरू झाली तेव्हा मी त्याला घेऊन सेवा केंद्रावर गेलो. धंदा कोणता लिहायचा, येथेच गाडी अडली. तो म्हणाला, "भाऊ, बोलतो म्हणून लिहा नं." केंद्रावरचा पोरगा हसला. मागे रांग वाढत होती. शेवटी आम्ही शेतमजूर लिहिले.