१९५२ : माती, मॅट आणि खेळपट्टी

क्रीडावर्षे : साप्ताहिक लेखमाला

स्वतंत्र भारताच्या खेळांत १९५२ साली तीन गोष्टी प्रथमच घडल्या. फेब्रुवारीत मद्रासला भारताने पहिला कसोटी सामना जिंकला. जुलैत हेलसिंकीला खाशाबा जाधव यांनी देशाला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून दिले. वर्षअखेरीस पाकिस्तानविरुद्ध पहिली कसोटी मालिका जिंकली गेली. याच वर्षी लीड्सच्या धावफलकावर भारताचे चार गडी शून्यावर बाद असेही लागले आणि फुटबॉलमध्ये युगोस्लाव्हियाकडून १०-१ अशी हार झाली. खेळाडू बरेचसे तेच असताना निकाल एवढे उलटसुलट का लागले, हे समजायचे तर प्रत्येक वेळी पायाखाली काय होते आणि हातात काय होते ते पाहावे लागते.

फेब्रुवारी : मद्रास आणि मुंबई

इंग्लंडविरुद्धची पाचवी कसोटी ६ फेब्रुवारीला मद्रासला सुरू झाली. त्याच दिवशी इंग्लंडचे राजे सहावे जॉर्ज यांचे निधन झाल्याने दुसऱ्या दिवशी खेळ झाला नाही. सांगलीत जन्मलेले विजय हजारे भारताचे कर्णधार होते. विनू मंकड यांच्या डावखुऱ्या फिरकीला खेळपट्टीची साथ मिळाली आणि त्यांनी पहिल्या डावात ५५ धावांत ८, दुसऱ्यात ५३ धावांत ४ बळी घेतले. पंकज रॉय (१११) आणि पॉली उम्रीगर (नाबाद १३०) यांच्या शतकांवर भारताने ४५७ धावा उभारल्या. इंग्लंडचे दोन डाव २६६ आणि १८३ धावांत संपले. १९३२ साली पहिली कसोटी खेळलेल्या भारताला पहिला विजय मिळाला तो असा, एक डाव आणि ८ धावांनी. मालिका १-१ अशी बरोबरीत सुटली.

याच आठवड्यात मुंबईत जागतिक टेबल टेनिस स्पर्धा भरली होती. आशियातली ही पहिलीच. तोवर बॅटला बारीक दाण्यांचे रबर असे. चेंडू त्यावर टक् करून वाजे आणि त्या आवाजावरून समोरच्याला फटक्याचा अंदाज येई. जपानच्या हिरोजी सातो यांच्या बॅटवर जाड स्पंज होता. त्यावर चेंडू आवाज न करता यायचा आणि नेहमीपेक्षा वेगाने सुटायचा. सातो यांनी अंतिम सामन्यात हंगेरीच्या कोसियान यांना हरवून पुरुष एकेरी जिंकली. सातपैकी चार विजेतेपदे जपानने नेली आणि या खेळातले युरोपचे वर्चस्व मोडायला मुंबईत सुरुवात झाली.

जून-जुलै : इंग्लंडची ओली खेळपट्टी

उन्हाळ्यात भारतीय संघ इंग्लंडला गेला. लीड्सच्या पहिल्या डावात विजय मांजरेकर यांनी १३३ धावा केल्या. हैदराबादचे ऑफस्पिनर गुलाम अहमद यांनी १०० धावांत ५ बळी घेतले.  

७ जूनला भारताचा दुसरा डाव सुरू झाला आणि १४ चेंडूंत चार गडी परतले : रॉय, दत्ताजीराव गायकवाड, माधव मंत्री आणि मांजरेकर. एकही धाव झालेली नव्हती. यातले तीन बळी पहिलीच कसोटी खेळणाऱ्या फ्रेड ट्रूमन यांचे होते. हजारे आणि दत्तू फडकर यांनी अर्धशतके काढून डाव १६५ पर्यंत नेला, पण सामना सात गड्यांनी गेला.

लॉर्ड्सवर मंकड यांनी ७२ आणि १८४ धावा केल्या. त्या दोन डावांच्या मध्ये ७३ षटके टाकून १९६ धावांत ५ बळीही घेतले. त्यांच्या १८४ धावा ही तोवर कसोटीतली कुणाही भारतीयाची सर्वोच्च खेळी होती. तरीही इंग्लंड आठ गड्यांनी जिंकले. मँचेस्टरला पावसाने भिजलेल्या खेळपट्टीवर १९ जुलै या एकाच दिवशी भारताचे दोन्ही डाव आटोपले, ५८ आणि ८२ धावांत. कसोटीत एखादा संघ एका दिवसात दोनदा बाद होण्याची ही पहिली वेळ. शेवटची कसोटी पावसामुळे अनिर्णित राहिली आणि मालिका ३-० अशी गेली. मद्रासला गुडघ्याएवढा उसळणारा चेंडू खेळण्याची सवय असलेल्या फलंदाजांना छातीवर येणारा चेंडू झेपला नव्हता.

जुलै : हेलसिंकी

मँचेस्टरला दोन डाव कोसळले त्याच १९ जुलैला हेलसिंकी ऑलिंपिकचे उद्घाटन झाले. फुटबॉलचे सामने त्याआधीच सुरू झाले होते. भारताचे बहुतेक खेळाडू अनवाणी खेळत. कोरड्या मैदानावर त्यात काही अडत नसे, पण फिनलंडच्या गारठ्यात बूट घातलेल्या युगोस्लाव्हियापुढे त्यांची डाळ शिजली नाही. वांद्र्याच्या मेरी डिसोझा याच ऑलिंपिकमध्ये धावल्या. ऑलिंपिकमध्ये उतरलेल्या पहिल्या भारतीय महिलांपैकी त्या एक होत्या.

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी कराडजवळच्या गोळेश्वरला झाला. वडील पैलवान होते. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिकत असताना खाशाबा १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला गेले आणि तिथे मॅटवर सहावे आले. १९५२ साली प्रवासखर्चाचा प्रश्न उभा राहिला. गावकऱ्यांनी वर्गणी काढली. प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले.

मातीतली कुस्ती आणि मॅटवरची कुस्ती यांत फरक मोठा आहे. जत्रेच्या हगाम्यात पैलवान अंगाला माती चोळतो म्हणजे पकड निसटत नाही. वेळेचे बंधन सैल असते आणि पाठ लागली, चितपट झाली, तरच निकाल. मॅटवर तेव्हा १५ मिनिटांची मुदत असे. त्यात कुणीच चितपट झाला नाही तर तीन पंच कौल देत. चितपट करून जिंकणाऱ्याला शून्य, पंचांच्या कौलावर जिंकणाऱ्याला एक आणि हरणाऱ्याला तीन ऋण गुण मिळत. पाच गुण भरले की पैलवान बाद. कांस्यपदकासाठी वेगळी लढत नसे. शेवटपर्यंत टिकलेल्या तिघांत आपसांत कुस्त्या होत.

खाशाबांचा हुकमी डाव ढाक. प्रतिस्पर्ध्याची मान काखेत घट्ट आवळायची, कंबर आत घालायची आणि अंगाला झोल देऊन त्याला पुढून खाली आदळायचे. ५७ किलो वजनगटात त्यांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या पैलवानांना हरवले. अखेरच्या तिघांत जपानचे शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाचे रशीद मामेदबेकोव्ह उरले होते. इशी यांच्याशी पूर्ण वेळ झुंजून हरल्यावर खाशाबांना लगेच पुढच्या कुस्तीला उभे केले गेले. नियमाने मिळायची विश्रांती मागायला जवळ भारतीय पदाधिकारी नव्हता. इशी यांना सुवर्ण, मामेदबेकोव्ह यांना रौप्य आणि खाशाबांना कांस्य मिळाले. तारीख २३ जुलै. कोल्हापूरकडचेच केशव मानगावे ६२ किलो गटात चौथे आले.

दुसऱ्या दिवशी हॉकीच्या अंतिम सामन्यात भारताने नेदरलँड्सला ६-१ असे हरवले. त्यातले पाच गोल बलबीर सिंग यांचे. हॉकीच्या सुवर्णाच्या गाजावाजात कांस्यपदकाला देशात फारशी जागा मिळाली नाही. कराडकरांनी मात्र १५१ बैलगाड्यांची मिरवणूक काढली. खाशाबांनी पुढे कोल्हापुरात कुस्त्यांची मैदाने भरवून खर्डेकरांचे पैसे फेडले.

ऑक्टोबर ते डिसेंबर : पाकिस्तान

पाकिस्तानची पहिली कसोटी १६ ऑक्टोबरला दिल्लीत सुरू झाली. पुण्यात जन्मलेले हेमू अधिकारी (नाबाद ८१) आणि गुलाम अहमद (५०) यांनी शेवटच्या जोडीला १०९ धावांची भर घातली. मग मंकड यांनी १३ बळी घेतले आणि भारत एक डाव आणि ७० धावांनी जिंकला. लखनौला तागाच्या मॅटिंगवर चित्र फिरले. फझल महमूद यांनी १२ बळी घेऊन पाकिस्तानला पहिला विजय मिळवून दिला. मुंबईत हजारे (नाबाद १४६) आणि उम्रीगर (१०२) यांनी शतके केली आणि भारत दहा गड्यांनी जिंकला. याच सामन्यात मंकड यांनी २३ व्या कसोटीत १००० धावा आणि १०० बळी असा दुहेरी टप्पा गाठला. हा विक्रम १९७९ साली इयान बोथम यांनी मोडेपर्यंत टिकला. उरलेल्या दोन कसोट्या अनिर्णित राहिल्या आणि मालिका २-१ अशी भारताची झाली.

नंतरचा हिशेब

हेलसिंकीनंतर भारतीय फुटबॉलपटूंना बूट सक्तीचे झाले. टेबल टेनिसमध्ये स्पंज टिकला, पण पुढे त्याच्या जाडीवर मर्यादा आली. खाशाबा १९५५ साली पोलीस खात्यात उपनिरीक्षक झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात त्यांचे निधन झाले आणि अर्जुन पुरस्कार त्यांना मरणोत्तर मिळाला. भारताला पुढचे वैयक्तिक ऑलिंपिक पदक १९९६ साली लिअँडर पेस यांनी टेनिसमध्ये मिळवून दिले, तर कुस्तीतले पुढचे पदक यायला २००८ साल उजाडले.

(क्रमशः)