चिनी अक्षरांतील हृदय

भाव मनांत उठतो. पण त्यास राहावयास घर मिळतें तें शब्दांत. चिनी भाषेनें हें घर कसें बांधलें आहे, तें पाहणें संस्कृताच्या अभ्यासकास मोठें बोधप्रद आहे.

त्या भाषेंत 'शिन्' म्हणजे हृदय. परंतु मन, बुद्धि आणि हृदय असा भेद आपण करितों, तसा या शब्दांत नाहीं. विचार, स्मरण आणि भावना हीं एकाच ठिकाणीं नांदतात. हृदयाचें हें चिन्ह अक्षराच्या खालीं अथवा डाव्या अंगास बसतें. इ. स. १७१६ च्या खांग्शी कोशांत अक्षरांचे २१४ वर्ग असून एकट्या हृदयाच्या वर्गांत हजाराहून अधिक अक्षरें आहेत.

भरतमुनींनीं आठ स्थायीभाव सांगितले, तसे 'लीची' या प्राचीन चिनी ग्रंथांत सात भाव सांगितले आहेत: हर्ष, क्रोध, शोक, भय, प्रेम, द्वेष आणि इच्छा. यांपैकीं क्रोध, भय, प्रेम व द्वेष यांच्या अक्षरांत हृदय आहे. हर्षाच्या अक्षरांत मात्र नगारा आणि मुख आहे, शोकाच्या अक्षरांतही मुख आहे. हे दोन भाव जणूं आवाजावरूनच ओळखावयाचे!

येथें एक सावधगिरी हवी. क्रोध म्हणजे 'नू'. त्याच्या अक्षरांत हृदयावर 'दास' हें चिन्ह आहे. यावरून 'क्रोध म्हणजे हृदयाचें दास्य' असें सुभाषित कोणीही रचील; पण ती व्युत्पत्ति नव्हे. 'दास' याचाही उच्चार 'नू'च असल्यामुळें तें चिन्ह केवळ ध्वनि दाखवितें. बहुतेक चिनी अक्षरांची घडण अशीच असते: एक अवयव अर्थ सुचवितो, दुसरा उच्चार. शब्दाची ओढाताण करून मनाजोगा अर्थ काढण्याची हौस आपल्याकडील पंडितांसही कमी नाहीं.

बोलण्यांतील जोडशब्द मात्र सरळ अर्थ सांगतात. हृदय उघडलें म्हणजे आनंद झाला, हृदयास जखम झाली म्हणजे दुःख झालें, हृदय खालीं ठेविलें म्हणजे चिंता मिटली. 'लहान हृदय' म्हणजे मात्र कोतें मन नव्हे. त्याचा अर्थ 'जपून रहा'.

चीनमध्यें १९५६ सालीं अक्षरें सोपीं करण्याची योजना निघाली, तींत प्रेमाच्या अक्षरांतील हृदय गेलें. तैवान व हाँगकाँग येथें तें अद्याप आहे. 'हृदयावांचून प्रेम कसलें?' असें हळहळून विचारणारे आहेतच. तथापि नव्या अक्षराच्या तळाशीं जें चिन्ह दिसतें, त्याचा स्वतंत्र अर्थ 'मित्र' असा आहे, हेंही त्यांनीं ध्यानांत घ्यावें.