रुमालाचा वास ओळखा

पंक्चरचं सोल्यूशन, व्हाइटनर, थिनर कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळतात, म्हणून त्यांची भीती कुणाला वाटत नाही. त्यांत अनेकदा असणारं टोल्युइन श्वासावाटे काही सेकंदांत मेंदू गाठतं. गुंगी येते, भूक मरते, थंडी जाणवत नाही. फलाटावर झोपणाऱ्या मुलाला आणखी काय हवं असतं? घरातल्या मुलाला मात्र कुतूहल, मित्रांचा आग्रह किंवा कुणाला न सांगितलेलं दुःख तिकडे ओढतं. नुसत्या 'वाईट संगती'वर खापर फोडणं मला मुळीच पटत नाही.

एम्सच्या २०१९च्या देशव्यापी अहवालात हुंगण्याची नशा हा एकच प्रकार असा निघाला, ज्यात मुलांचं प्रमाण मोठ्यांपेक्षा जास्त आहे.

खिशात ओलसर रुमाल, कपड्यांना रंगासारखा वास, ओठांभोवती पुरळ, लाल डोळे, जड झालेली जीभ. अशी दोन-तीन लक्षणं एकत्र दिसली तर थांबून विचारा. हुंगताना मूल दिसलं तर ओरडू नका, मागे धावू नका. अशा वेळी दचकल्याने हृदयाचे ठोके बिघडून मृत्यू येऊ शकतो, अगदी पहिल्या वेळीसुद्धा. शांतपणे मोकळ्या हवेत न्या. सल्ल्यासाठी १४४४६ ही राष्ट्रीय हेल्पलाइन मोफत आहे.