शब्दाला जागणारा, मंत्र न येणारा लढवय्या

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळायला पहिल्यांदा बसलेल्या माणसाला विचारा, तुला कोण व्हायचंय? पुष्कळदा उत्तर येतं की जादूबिदू नको, हातात ढाल-तलवार हवी, दिलेला शब्द पाळणारा आणि दुबळ्याच्या पुढे उभा राहणारा योद्धा हवा. मग टेबलाभोवतीचे जाणकार सल्ले देऊ लागतात आणि हे साधं, देखणं पात्र त्या सल्ल्यांखाली गाडलं जातं. मला या पात्राबद्दल फार जिव्हाळा आहे, म्हणून त्या सल्ल्यांची एकदा नीट तपासणी करू. आकडे २०१४च्या पाचव्या आवृत्तीतले आहेत. २०२४च्या सुधारित पुस्तकात काही तपशील बदलले आहेत.

सगळ्यात जास्त ऐकू येणारा सल्ला असा: 'म्हणजे तुला पॅलडिन घ्यायचाय.' पॅलडिनला दुसऱ्या लेव्हलपासून मंत्र मिळतात, त्यामुळे जादू नको म्हणणाऱ्याचं तिथेच बिनसतं. शिवाय इतिहासही उलटा आहे. १९७४ साली हा खेळ आला तेव्हा त्यात वर्ग तीनच होते: फायटिंग-मॅन, मॅजिक-यूजर आणि क्लेरिक. पॅलडिन १९७५च्या 'ग्रेहॉक' पुरवणीत आला, तोही फायटिंग-मॅनचाच एक प्रकार म्हणून. मंत्र न येणारा लढवय्या त्याच्या आधीचा आहे. आज तो हवा असेल तर फायटर घ्यावा. तिसऱ्या लेव्हलला शाखा निवडताना एल्ड्रिच नाइटच्या नावाला भुलू नये, कारण तो विझार्डचे मंत्र वापरतो. चॅम्पियन, बॅटल मास्टर आणि २०१७च्या पुस्तकातला कॅव्हेलियर या तिघांनाही मंत्र येत नाहीत. माझी पसंती बॅटल मास्टरला.

का, ते एका प्रसंगात दिसतं. तिसरी लेव्हल चालू आहे. समोर ओगर आहे आणि तुमच्या विझार्डकडे नऊच हिट पॉइंट उरलेत. ओगरच्या सोट्याचा एक फटका सरासरी तेरा पॉइंट नेतो. विझार्डचा आर्मर क्लास १२ धरला, तर ओगरचा फटका बसण्याची शक्यता ७५ टक्के. आता तुमच्या फायटरची पाळी येते. वार बसतो आणि तुम्ही 'गोडिंग अटॅक' हा डाव टाकता, म्हणजे ओगरला डिवचता. त्याला १३चा विझ्डम सेव्ह द्यावा लागतो. अक्कल बेताची असल्याने दहापैकी सात वेळा तो फसतो. फसला की तुम्हाला सोडून इतर कुणावरही हल्ला करताना त्याला दोन फासे टाकून त्यातला लहान धरावा लागतो आणि ७५ टक्क्यांचे ५६ होतात. तो चिडून तुमच्याकडेच वळला, तर चेन मेल आणि ढाल मिळून तुमचा आर्मर क्लास १८ आहे, म्हणजे फटका बसण्याची शक्यता ४५ टक्के. 'आधी माझ्याशी लढ' हे वाक्य या खेळात नुसता संवाद नाही, तो आकड्यांत उतरतो. ज्यांना वाटतं की सचोटी ही फक्त पात्राच्या पार्श्वकथेत लिहायची गोष्ट आहे, त्यांनी हा डाव एकदा खेळून पाहावा.

ढाल असेल तर प्रोटेक्शन ही लढण्याची शैलीही घ्यावी. शेजारच्या चौकोनातल्या सोबत्यावर वार आला की तुमची रिअ‍ॅक्शन खर्चून तो बिघडवता येतो. मात्र गोडिंग अटॅक आणि प्रोटेक्शन एकाच वाराला लावून दुप्पट फायदा मिळत नाही.

'फायटरला करिश्मा कशाला? सरळ ८ ठेव.' हाही सल्ला ठरलेला. पण जड चिलखत घातल्यावर आर्मर क्लासमध्ये डेक्स्टेरिटी मोजलीच जात नाही. मग तिथे वाचलेला आकडा करिश्म्याला का देऊ नये? साधा मानव घेतला आणि ठरावीक आकडे वाटले, तर स्ट्रेंग्थ १६, कॉन्स्टिट्यूशन १५, करिश्मा १४ सहज जमतात. पर्स्वेजन हे कौशल्य फायटरच्या यादीत नसतं, पण नोबल पार्श्वभूमी घेतली की मिळतं. शत्रूला शरण यायला सांगणाऱ्याच्या बोलण्यात वजन नको का?

वरच्या लेव्हलला बिनजादूचा योद्धा निरुपयोगी होतो, हे अर्धसत्य आहे. विझार्ड एका मंत्रात मैलोगणती अंतर कापतो, त्याची बरोबरी तलवार करत नाही. पण फायटरला अकराव्या लेव्हलला एका पाळीत तीन वार मिळतात, विसाव्याला चार, आणि अ‍ॅक्शन सर्ज, म्हणजे त्याच पाळीत आणखी एक कृती, छोट्या विश्रांतीनंतर परत येतो. उडणाऱ्या शत्रूंसाठी पाठीवर भाले असू द्यावेत. वेअरवुल्फसारख्यांना साध्या पोलादाने काहीच होत नाही, तर शंभर सुवर्णमुद्रांत शस्त्रावर चांदी चढवून मिळते. आणि मंतरलेली तलवार हाती आली म्हणून माणूस मांत्रिक होत नाही, हे खेळ चालवणाऱ्या डीएमशी आधीच बोलून ठेवावं.

चिलखतात माणूस हलूच शकत नाही, हाही समज जुनाच. पंधराव्या शतकातलं पूर्ण चिलखत साधारण १५ ते २५ किलोंचं असे आणि ते वजन अंगभर वाटलेलं असे. खेळातही स्ट्रेंग्थ १५ असली की प्लेट आर्मरमुळे वेग घटत नाही. लपून जाणं मात्र खरंच कठीण होतं.

सर्वांत जास्त नुकसान करतो तो शेवटचा गैरसमज: इमानदार योद्धा छापा घालत नाही, आरोळी दिल्याशिवाय तलवार उपसत नाही आणि सोबत्यांनाही तसं करू देत नाही. खऱ्या नाइट लोकांचं वागणं असं नव्हतं. शौर्यधर्मावर ग्रंथ लिहिणारा फ्रेंच नाइट जॉफ्रवा द शार्नी याने १३५० उजाडताना कॅले शहर लाच देऊन, तेही तह चालू असताना, घेण्याचा प्रयत्न केला. तो फसला आणि पकडला गेला. पण त्याला ठार केलं नाही, खंडणी घेऊन सोडलं. पुढे १३५६ला प्वातियेच्या लढाईत फ्रान्सच्या राजाचा पवित्र ध्वज हाती असताना तो पडला. त्या काळी झगडा रणनीतीपेक्षा शब्द, शरणागती आणि कैदी यांच्याभोवती अधिक होता, आणि शार्नीसारख्याचंही पाऊल त्यात घसरलं.

म्हणून अलाइनमेंट, म्हणजे पात्राची नैतिक वृत्ती, या रकान्यात 'लॉफुल गुड' एवढं लिहून थांबू नये. पाचव्या आवृत्तीत फायटरवर अलाइनमेंटचं कुठलंच बंधन नाही. त्याऐवजी कॅरेक्टर शीटवर तीन वाक्यं लिहावीत, जी खेळताना पाळली की मोडली हे कुणालाही सांगता येईल. उदाहरणार्थ: शरण आलेल्याला मारणार नाही. शत्रूला दिलेला शब्दही पाळीन. माघार घेताना सगळ्यात मागे मी राहीन. तिन्हींची किंमत तुमचं पात्र मोजतं, चोराचं काम करणाऱ्या सोबत्याला त्याची झळ लागत नाही. 'माझं पात्र असंच आहे' म्हणत दुसऱ्याचा डाव मोडणारा खेळाडू सचोटीचा नाही, हट्टी आहे.

पहिल्या वाक्याला नियमांचा आधारही आहे. हातघाईच्या वाराने शत्रू शून्यावर आला की त्याला ठार न करता बेशुद्ध पाडायचं, असं तुम्ही त्या क्षणी ठरवू शकता. त्यासाठी वेगळा फासा टाकावा लागत नाही. बाणाने किंवा दुरून फेकलेल्या मंत्राने ही मुभा मिळत नाही. आता बांधलेल्या ओगरचं काय करायचं, त्याला कोण खायला घालणार, सोडलेला शत्रू शब्द पाळतो की उद्या टोळी घेऊन येतो, हे डीएमला पहिल्या बैठकीआधीच विचारावं.